कमरेच्या रिव्हॉल्वरला कोणता मुलामा टिकतो?

परवान्याचं रिव्हॉल्वर आधी कुठं गंजतं, असं विचारलं की बहुतेक जण नळीकडं बोट दाखवतात. प्रत्यक्षात गंज धरतो तो अंगाकडच्या बाजूला, मुठीच्या पट्ट्यांखाली आणि हॅमरच्या (म्हणजे गोळी उडवणाऱ्या घोड्याच्या) मागच्या बेचक्यात, जिथं शर्ट घामानं चिकटतो. बाहेरची बाजू चकचकीत असते. मालक तीच बाजू पाहुण्यांना दाखवतो आणि स्वतःही तीच पाहतो.

भोसरीच्या एमआयडीसीत प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटच्या कामात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. त्यामुळं ओळखीतला कुणी परवानाधारक भेटला की चहा यायच्या आधी फर्माईश येते, "एकदा तुमच्या टाकीत बुडवून द्या ना, हार्ड क्रोम करून!" मी देत नाही. कारण पुढं येईलच. हार्ड क्रोम म्हणजे विजेनं चढवलेला क्रोमियमचा टणक थर. पण मला त्या फर्माइशीतला 'हार्ड' हा शब्दच खटकतो. सगळ्यात टणक मुलामा कोणता, हा प्रश्न डायला आणि पंचला ठीक आहे. कमरेच्या हत्याराचा प्रश्न निराळा: गंज शिरतो कुठून, आणि हा मुलामा तिथपर्यंत पोचतो का?

हा लेख मुख्यतः .३२ बोअरच्या छोट्या हत्यारांसाठी आहे. आपल्याकडं साध्या परवान्यावर कमरेला लागतं ते बहुधा हेच. एक तर कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर, नाहीतर आजोबांकडून वारशानं आलेलं जुनं विलायती पिस्तूल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. म्हणून आहे तेच नीट राखण्याला आपल्याकडं जास्त किंमत आहे.

आधी रिकामं, मग भिंग

रिव्हॉल्वर असेल तर सिलिंडर उघडा, सहाही घरं डोळ्यांनी पाहा आणि बोटानं चाचपा. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) मागं ओढून चेंबर (नळीतलं गोळीचं घर) पाहा. हा क्रम उलटला तर स्लाइड पुढं येताना नवी गोळी चेंबरमध्ये जाते, आणि "रिकामंच होतं हो" अशा कहाण्या तिथूनच सुरू होतात. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. साफसफाईच्या टेबलावर एकही काडतूस नको.

आता घड्याळजीचं भिंग घ्या आणि खिडकीजवळ बसा. मुठीच्या पट्ट्या सोडवा. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा हवा, नाहीतर स्क्रूचं डोकं विद्रूप होतं. एका कागदावर हत्याराच्या दोन्ही बाजूंची ओबडधोबड आकृती काढा आणि जिथं तांबूस दिसतं तिथं खूण करा. हा गंजाचा नकाशा. मुलामा निवडायला मला याच्याइतका उपयोग कुठल्याच माहितीपत्रकाचा झालेला नाही.

खुणा करताना दोन गोष्टी वेगळ्या धरा. पांढऱ्या कापडाला लागणारी तांबूस भुकटी म्हणजे वरवरचा गंज. तेल लावून हलक्या हातानं पुसला की जातो. नख फिरवल्यावर नख अडलं, तर तो खड्डा. खड्डा कुठल्याही मुलाम्यानं भरत नाही. उलट त्याच्या तळाशी मीठ दडलेलं असेल आणि वरून लेप चढवला, तर सहा महिन्यांत लेपाला फोड येतो.

आणि कृपा करून त्या तांबूस डागावर लिंबू, चिंच किंवा बाजारातलं गंज काढायचं आम्ल लावू नका. तांब्याच्या कळशीला जे चालतं ते इथं चालत नाही. हत्याराचा काळानिळा रंग हा स्वतःच लोखंडाचा एक ऑक्साइड असतो. आम्लाला त्यातला शत्रू कोण आणि मित्र कोण हे कळत नाही, ते दोघांनाही खातं. गंजासोबत रंगही जातो आणि उघडं पोलाद हाती उरतं.

घाम आणि खारा वारा

घामात मीठ असतं, लॅक्टिक आम्ल असतं, युरिया असतो. काहींच्या घामाचं प्रमाण असं काही जुळलेलं असतं की लोखंडावर टेकवलेल्या बोटाचा ठसा सकाळपर्यंत तांबडा उमटतो. आमच्या कारखान्यात असे एक गृहस्थ होते. तयार माल तपासायला त्यांना हातमोज्याशिवाय आम्ही उभंच करत नव्हतो. तुम्ही त्या जातीचे आहात का हे कळायला सोपी युक्ती आहे. साध्या लोखंडी पट्टीचा तुकडा पॉलिश कागदानं घासून चकचकीत करा, घामेजल्या अंगठ्यानं दाबा आणि रात्रभर उघडा ठेवा.

मिठाचा दुसरा गुण आणखी वाईट. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की कोरडं मीठ हवेतलं पाणी ओढून पाघळतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत हेच होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर याहून बऱ्याच कमी आर्द्रतेला पाणी धरतं. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्के असते. म्हणजे रत्नागिरी, मालवण, पणजीकडं हत्यारावर बसलेला खारा थर जून ते सप्टेंबर ओलाच असतो. नगर-सोलापूरकडच्या माणसाला हा त्रास निम्माही नाही. तिकडं खरा शत्रू धूळ. ती होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या पाकिटात, शिरते आणि पॉलिश कागदासारखी मुलामा घासते.

तेव्हा गुहागरचा आणि करमाळ्याचा मुलामा एकच असायचं कारण नाही.

धातू ओळखल्याशिवाय मुलामा निवडू नका

बहुतेक जुनी पिस्तुलं आणि आपली देशी रिव्हॉल्वरं साध्या मिश्र पोलादाची असतात. चुंबक चिकटतो आणि रंग काळा किंवा काळानिळा असतो. चुंबक चिकटला नाही तर फ्रेम ॲल्युमिनियमची असू शकते. कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीनं २०१४ साली आणलेलं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं 'निर्भीक' हे टायटॅनियम मिश्रधातूचं हत्यार. टायटॅनियमला गंज चढत नाही, पण कुठल्याही हत्यारात स्प्रिंगा आणि पिना पोलादीच असतात. सांभाळायचं ते त्यांना.

स्टेनलेसच्या बाबतीत चुंबक फसवतो. हत्यारांसाठी वापरतात ते स्टेनलेस बहुधा कडक करता येणाऱ्या जातीचं, १२-१३ टक्के क्रोमियमचं असतं आणि त्याला चुंबक चिकटतो. अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं १९६५ मध्ये 'मॉडेल ६०' हे पहिलं स्टेनलेस रिव्हॉल्वर बाजारात आणलं. त्याचं कारणही हेच होतं, पोलिसांची अंगाला घासणारी छोटी हत्यारं घामानं गंजत होती. तरी स्टेनलेस म्हणजे गंजमुक्त असं समजू नका. स्टीलच्या डब्यात मीठ ठेवणाऱ्या कुठल्याही गृहिणीला विचारा, तळाला सुईच्या टोकाएवढे काळे डाग पडतातच. पण स्टेनलेसला मुलामा मागणारे लोक पाहिले की मला हसू येतं. त्याला हवं असतं धुणं, पुसणं आणि थोडं तेल. चकाकी नको असेल तर बारीक मण्यांचा मारा करून पृष्ठभाग मंद करून घ्यावा, इतकंच.

ॲल्युमिनियमवर चालतं ते ॲनोडायझिंग, म्हणजे विजेच्या मदतीनं त्या धातूचाच ऑक्साइडचा थर वाढवणं. त्याची कठीण जात २५ ते ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची असते आणि तिचा साधारण निम्मा भाग धातूच्या आत मुरलेला असतो. ते पोलादावर होत नाही. कुणी "पोलादाला ॲनोडाइज करून देतो" म्हणाला, तर त्याच्या दुकानातून नमस्कार करून बाहेर पडा.

ब्ल्यूइंग: बिडाच्या तव्यासारखं

आपल्याकडं सगळ्यात जास्त होतं ते गरम ब्ल्यूइंग. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावात, १४० अंशांच्या आसपास, पोलादाच्या पृष्ठभागाचंच रूपांतर काळ्या ऑक्साइडमध्ये होतं. हा थर एखाद्या मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या जाडीचा फार तर पन्नासावा हिस्सा. एवढ्याशा थराकडून एकट्यानं गंज अडवण्याची अपेक्षाच चुकीची. त्याचं खरं काम तेल धरून ठेवण्याचं. बिडाचा नवा तवा आणि मुरलेला तवा यांत जो फरक, तोच इथं. तेल आहे तोवर राजा, तेल सुकलं की रंक.

ब्ल्यूइंगच्या बाजूनं तीन गोष्टी आहेत. जाडी नगण्य असल्यानं कुठलाही सुटा भाग अडकत नाही. जुन्या हत्याराचं मूळ रूप राहतं. आणि शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या जुन्या कारागिरांच्या हातात हे काम बसलेलं असतं.

घात होतो तो आधीच्या पॉलिशमध्ये. चकाकी आणायच्या नादात बफवर दाबून धरलं की कडा गोल होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात आणि कारखान्याची अक्षरं पुसट होतात. नळीवर दर्शनी माशी (नेम धरायचा टोकाचा उंचवटा) शिशाच्या डाकानं बसवलेली असेल तर कॉस्टिकचा द्राव तो डाक खातो. ॲल्युमिनियमचा भाग तर त्या टाकीत विरघळूनच जातो. म्हणून सगळे भाग सुटे केल्याशिवाय टाकीत काही जायला नको.

बाटलीतून लावायचं थंड ब्ल्यूइंग हे फक्त ओरखडा झाकण्यापुरतं. अख्ख्या हत्याराला ते लावणं म्हणजे भिंतीची ओल चुन्यानं झाकणं. त्यात बहुधा सेलेनियमची विषारी संयुगं असतात, म्हणून हातमोजे घालून आणि खिडकी उघडूनच वापरा.

ब्ल्यूइंगचाच रांगडा भाऊ म्हणजे फॉस्फेटचा लेप. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी हत्यारांचा तो राखाडी-काळा खरबरीत रंग. सच्छिद्र असल्यामुळं तेल ब्ल्यूइंगपेक्षा जास्त पितो आणि चकाकतही नाही. दिसायला गबाळा, कामाला चोख. कमरेच्या हत्यारासाठी लोक याला उगाच नाकारतात, असं माझं मत आहे.

निकेल आणि क्रोम

इथं मी जरा जास्त रेंगाळणार, हा माझा प्रांत.

चांदीसारखं चमकणारं जुनं निकेल हे विजेच्या प्रवाहानं चढवलेलं असतं. विजेचा स्वभाव असा की ती टोकांकडं आणि कडांकडं धावते. त्यामुळं कडांवर थर जाड, खाचांत पातळ, आणि भोकांच्या आत तर जवळजवळ नाहीच. आता आपला गंजाचा नकाशा आठवा. गंज होता खाचांत आणि मुठीखाली, म्हणजे नेमका जिथं निकेल पातळ पडतं तिथं. शिवाय अशा निकेलखाली बऱ्याचदा तांब्याचा अस्तरथर असतो. नळी साफ करायच्या काही द्रावांत अमोनिया असतो. तो एखाद्या चिरेतून आत शिरला की तांबं खातो आणि निकेल कांद्याच्या सालीसारखं सुटतं. निकेल केलेल्या हत्याराला अमोनियाचा द्राव लावायचाच नाही, हे परवान्याच्या पुस्तिकेत लिहून ठेवा म्हटलं तरी चालेल.

दुसरी जात विजेशिवायच्या निकेलची, बोलीभाषेत 'इलेक्ट्रोलेस'. ९० अंशांच्या आसपास तापवलेल्या द्रावात रासायनिक क्रियेनं निकेल आणि फॉस्फरसचा थर बसतो. वीज नसल्यामुळं द्राव जिथं पोचतो तिथं सगळीकडं सारखी जाडी मिळते, खाचेतही आणि भोकातही. फॉस्फरसचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर ठेवलं तर खाऱ्या हवेला तो थर चांगला तोंड देतो. साध्या पोलादाच्या आणि कोकणात वापरायच्या हत्यारासाठी धातूच्या मुलाम्यांत माझी पहिली पसंती हीच. १२ ते १५ मायक्रॉन पुरे. त्याहून जाड मागू नका, फिरणाऱ्या भागांमधल्या फटी मोजून ठेवलेल्या असतात. याच निकेलमध्ये टेफ्लॉनचे सूक्ष्म कण मिसळलेली जातही असते. ती हाताला किंचित गुळगुळीत लागते आणि काजळी पटकन पुसली जाते.

आणि मग ते लाडकं हार्ड क्रोम. घासाघाशीला ते खरोखर बेजोड आहे, वर्षानुवर्षं होल्स्टरमधून काढघाल केली तरी ढिम्म हलत नाही. पण भिंगाखाली पाहिलं तर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसतं. त्या भेगांतून खारं पाणी खाली उतरतं, आणि वरून चकचकीत असलेल्या क्रोमखाली पोलाद गंजतं. हायड्रॉलिकच्या दांड्यांवर हा प्रकार मी आयुष्यभर पाहिला. त्यामुळं देशावरच्या कोरड्या, धुळीच्या मुलुखात हार्ड क्रोम उत्तम, किनाऱ्यावर मात्र तेलाशिवाय त्याच्या भरवशावर राहू नये.

क्रोमच्या टाकीत आणखी एक धोका असतो. वीज वाहताना हायड्रोजन तयार होतो आणि तो कडक पोलादात मुरतो. स्प्रिंग किंवा कडक केलेली पिन यानं ठिसूळ होते आणि मग एखाद्या दिवशी, काही कारण नसताना, मोडते. म्हणून मुलामा चढल्यावर काही तासांच्या आत भाग भट्टीत १९० ते २२० अंशांवर कित्येक तास ठेवून हायड्रोजन हुसकावा लागतो. कारागिराला विचारा, "बेकिंग कधी करता?" तो गोंधळून पाहू लागला तर हत्यार परत घ्या. आणि स्प्रिंगांना कुठल्याच टाकीत पाठवू नका.

भट्टीतले आणि फवाऱ्याचे

नायट्रायडिंग म्हणजे लेप नव्हे. ५५० ते ५८० अंशांच्या आसपास नायट्रोजन आणि कार्बन पोलादाच्या पृष्ठभागातच मुरवतात. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलांमुळं हे नाव जगभर झालं. स्लाइडचा वरचा काळा रंग घासून गेला तरी खालचा कडक थर शाबूत राहतो. घाम, मीठ, घासाघाशी, तिन्हींना पुरून उरणारा हा बहुधा सर्वोत्तम उपाय. पण तो कारखान्यातच, नवं हत्यार घडताना व्हायला हवा. आजोबांच्या १९४० च्या पिस्तुलाचं पोलाद कुठल्या तापमानाला पाणी दिलेलं आहे कुणास ठाऊक! ५७० अंशांत ते मऊ पडलं तर गोळीचा दाब सोसणारा भागच कच्चा होतो. माझ्या हातात भट्टी असतानाही मी हे केलं नसतं. स्टेनलेसवरही विचार करून करा, टणकपणा वाढतो पण मूळचा गंजरोध थोडा घटतो.

निर्वात पेटीत चढवलेले डीएलसीसारखे (हिऱ्यासारख्या कार्बनचे) काळे थर भलतेच टणक असतात आणि जेमतेम दोन-चार मायक्रॉनचे. त्यांत सूक्ष्म छिद्रं राहतात, म्हणून ते स्टेनलेसवर शोभतात. साध्या पोलादावर त्यांचे पैसे वसूल होत नाहीत.

सेराकोटसारखा सिरॅमिक मिसळलेला रंग हा मात्र खरा अडथळा. साधारण २५ मायक्रॉनचा, सलग, छिद्रं नसलेला. खाऱ्या हवेला इतका चांगला कमीच कुणी. तो घासला जातो, होल्स्टरच्या तोंडाशी कडा दिसू लागतात, पण खाचांत आणि मुठीखाली, म्हणजे आपल्या नकाशावरच्या जागी, तो वर्षानुवर्षं राहतो. सगळं यश पूर्वतयारीत आहे. आधी तेल पूर्ण काढायचं, मग भाग तापवून छिद्रांत मुरलेलं तेल बाहेर आणायचं, मग ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या वाळूचा मारा, नंतर उघड्या बोटाचा स्पर्शही न होऊ देता फवारा, आणि शेवटी बहुतेक जातींना भट्टीत १२० अंशांच्या आसपास दोन तास. ही साखळी तोडून कुणी मोटारीच्या रंगासारखा फवारा मारून देत असेल, तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे हातात येतील. दोन घासणाऱ्या भागांवर २५-२५ असे ५० मायक्रॉन झाले की यंत्रणा अडकते, हेही ध्यानात ठेवा. वारशाच्या जुन्या पिस्तुलावर हा रंग मारणं मला पैठणीला प्लास्टिकची किनार लावल्यासारखं वाटतं, पण ती माझी आवड झाली.

माहितीपत्रकातल्या मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीचे तास वाचून हुरळून जाऊ नका. ती चाचणी ५ टक्के मिठाच्या पाण्यानं ३५ अंशांवर, सपाट पत्र्याच्या तुकड्यावर होते. त्या तुकड्याला खाचा नसतात आणि तो रोज चामड्यात घासलाही जात नाही.

काय सोडून मुलामा करायचा

नळीच्या आतला भाग आणि काडतुसांची घरं नेहमी बंद करून ठेवायला सांगा. हॅमर आणि ट्रिगर एकमेकांना जिथं अडकतात त्या बारीक कडा, फायरिंग पिन आणि तिचं भोक, सगळ्या स्प्रिंगा, हे मूळ स्थितीत राहू द्या. त्या अडकणाऱ्या कडांवर दहा मायक्रॉन चढले किंवा पॉलिशमध्ये उतरले, तर हॅमर आपोआप सुटण्याचा धोका निर्माण होतो. दिसण्याच्या हौसेपायी कुणी तिथं हात घालू नये.

टाकी कुणाची?

आता मी नकार का देतो ते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणं हत्याराची दुरुस्ती करायलाही वेगळा परवाना लागतो, आणि ज्याला हत्यार बाळगण्याचा अधिकार नाही त्याच्या ताब्यात ते देणं कलम २९ खाली गुन्हा आहे. एमआयडीसीतलं प्लेटिंगचं शेड कितीही चांगलं असलं तरी तिथं रिव्हॉल्वर "दोन दिवस ठेवून" येता येत नाही. देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. हत्यार फक्त परवानाधारक विक्रेत्याकडं किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडं द्या, हत्याराचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या, आणि काम त्याच्याच जागेत होणार की बाहेर जाणार हे स्पष्ट विचारा. शंका असेल तर आधी पोलीस ठाण्याच्या शस्त्रपरवाना शाखेत विचारलेलं बरं.

कलम ८ हत्यारावरचा क्रमांक आणि खुणा पुसायला, बदलायला मनाई करतं. पॉलिशमध्ये क्रमांक पुसट झाला तर "साहेब, ब्ल्यूइंग करताना गेला" हे नूतनीकरणाच्या वेळी कुणाला पटवत बसणार? देण्यापूर्वी सगळ्या क्रमांकांचे जवळून, तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा. जाड रंगाच्या बाबतीतही हीच काळजी, क्रमांक रंगानं भरून यायला नको.

ह्यूस्टनला राहणारा माझा मावसभाऊ हे ऐकून चकित झाला. टेक्सासमध्ये हेच काम करणारी परवानाधारक दुकानं भरपूर आहेत, आणि नवं पिस्तूल घेतानाच नायट्राइड केलेलं मिळतं. हवा मात्र तिथंही आखाताची, दमट आणि खारी. त्याला मी एवढंच सांगितलं, नवं घेताना नायट्राइड घे आणि बाकी पैसे होल्स्टरवर घाल.

काम परत घेताना

घाई करू नका. दुकानातच, रिकामं असल्याची खात्री करून, सिलिंडर फिरवून पाहा. ते सहजी फिरायला आणि प्रत्येक घरावर ठाम अडकायला हवं. नळीतून उजेड पाहा, आत रंगाचा किंवा वाळूचा कण दिसता कामा नये. मुठीच्या पट्ट्या काढायला लावा आणि खालची जागा पाहा. बरेच कारागीर तिथं हात आखडता घेतात, आणि आपल्याला तर तीच जागा हवी होती. क्रमांक जुन्या फोटोशी ताडून पाहा. स्क्रूची डोकी जशी दिली तशीच परत आली का, यावरून कारागिराचा हात कळतो.

मग निवडायचं काय?

किनाऱ्यावर राहता, रोज अंगावर लावता, हत्यार साध्या पोलादाचं आणि फारसं जुनं नाही: नीट तयारी केलेला सिरॅमिक रंग, किंवा परवानाधारक कारागीर मिळाला तर जास्त फॉस्फरसचं इलेक्ट्रोलेस निकेल. देशावर असाल आणि काढघाल खूप असेल तर हार्ड क्रोम. वारशाचं विलायती हत्यार असेल तर काहीच करू नका. खरंच. मूळ ब्ल्यूइंग निम्मं उडालेलं असलं तरी त्याला हात लावला की त्याचं मोल जातं. तेल आणि मेण यांवर ते अजून पन्नास वर्षं निघेल. हत्यार कपाटातच असतं आणि वर्षातून दोनदा बाहेर निघतं, त्यांनीही मुलाम्याचा खर्च करू नये.

तेलपाणी

मुलामा कुठलाही असो, रोज अंगावरून उतरवल्यावर कोरड्या सुती कापडानं पुसायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. मिनिटभराचं काम. तेल हत्याराचंच, गंजरोधक मिसळलेलं. आमच्या एका काकांनी आयुष्यभर खोबरेल वापरलं. २४ अंशांखाली ते गोठतं, आणि पुण्याच्या थंडीत त्यांचं रिव्हॉल्वर लापशीत बुडवल्यासारखं चालायचं. शिवणयंत्राचं तेल यंत्रणेला ठीक, पण त्यात गंज अडवणारं काही नसतं. डब्ल्यूडी-४० पाणी हुसकावतं, मात्र मागं उरणारा थर इतका पातळ असतो की पावसाळाभर त्याच्यावर विसंबता येत नाही. कुठलंही तेल काडतुसांना लागू देऊ नका. तळाच्या टोपीत झिरपलं तर ऐन वेळी काडतूस पेटत नाही. बाहेरच्या अंगाला, मुठीखाली विशेषतः, सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्या. संग्रहालयातले लोक जुन्या धातूंना हेच लावतात, आणि मेण तेलासारखं शर्टाला लागून निघून जात नाही.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार ठेवून कपाट बंद करणं, ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक. चामड्यात कमावण्याचे क्षार असतात, वर तुमचा घाम, आणि ते ओल धरून बसतं. होल्स्टर फक्त अंगावर असताना. कपाटात हत्यार बाष्परोधक कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्यांचे मणी रंग बदलू लागले की तापवून पुन्हा कोरडे करा. कोकणातल्यांनी हे सगळं आगोटीच्या तयारीतच धरावं, पापड-मिरच्यांचं वाळवण निघालं की हत्याराची पाळी.

निवडणुकीचं वेगळं. ज्यांना आदेश येतो त्यांना आचारसंहितेच्या काळात हत्यार जमा करावं लागतं. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत होती आणि विधानसभेची ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे एकाच वर्षात दोनदा, काही महिने, कुणी न पुसता. चामड्याच्या पाकिटातच जमा करून, जूनमध्ये तांबूस नळी घेऊन परत आलेले लोक मला माहीत आहेत. जमा करण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण साफ करा, नेहमीपेक्षा जाड तेल द्या, बाष्परोधक कागदात गुंडाळा आणि तशा गुंडाळीत ठेवता येईल का ते ठाणेदारांना नम्रपणे विचारा. कायद्यात परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करण्याचीही सोय आहे. तो ते सुकं ठेवण्याची शक्यता जास्त.

आणि खंडेनवमी. पूजेत हळदकुंकू लागतं, झेंडूची ओली फुलं वाहिली जातात, कुणी उत्साहात पंचामृताचं बोटही लावतं. पूजा जरूर करा, पण हत्यार रिकामं असू द्या, आणि फुलं दुसऱ्या दिवसाच्या उत्तरपूजेपर्यंत त्याच्यावर राहू देऊ नका. आमच्या घरी संध्याकाळी आरती झाली की मी ते उचलतो, मुठीच्या पट्ट्या काढतो आणि भिंग घेऊन खिडकीशी बसतो. पावसाळा नुकताच संपलेला असतो, आणि वर्षभराचा नकाशा पुन्हा काढायला याहून चांगला दिवस मला सापडलेला नाही.